शुभंकर अशुभ होतो तेव्हा

एखादी संज्ञा आधी रूढ होते आणि तिचा अर्थ मागाहून शोधावा लागतो, हा अनुभव कलेच्या क्षेत्रात नवा नाही. ‘नवकाव्य’ आणि ‘नवकथा’ या शब्दांच्या बाबतीत मराठी वाचकांनी तो घेतलेलाच आहे. व्हिडिओ गेमच्या जगात गेल्या काही वर्षांत रूढ झालेली ‘मॅस्कॉट हॉरर’ ही संज्ञा आज त्याच अवस्थेत आहे. खेळ तयार करणारे ती वापरतात, विकणारे वापरतात, समीक्षक बहुधा नाक मुरडून वापरतात आणि आठ-दहा वर्षांच्या मुलांच्या तोंडीही ती सहज येते. मात्र या संज्ञेत नेमके काय मोडते आणि काय मोडत नाही, असे विचारले तर प्रत्येकाचे उत्तर वेगळे येते. हा केवळ शब्दांचा कीस आहे, असे कोणास वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या खेळांतील पात्रे कापडी खेळण्यांच्या रूपाने अगदी लहान मुलांच्या अंथरुणापर्यंत पोहोचली, ज्यांवर कोट्यवधी डॉलरांचे चित्रपट निघाले आणि ज्यांच्याबद्दल परदेशांत शाळांना व पोलिसांना पालकांस सावध करावेसे वाटले, त्या खेळांचे स्वरूप काय, हे सांगता न येणे ही काही क्षुल्लक अडचण नव्हे. ज्याची व्याख्या करता येत नाही त्याचा निवाडाही करता येत नाही. त्याची फक्त भीती बाळगता येते, किंवा ते विकत घेता येते.

‘मॅस्कॉट’ या शब्दाला ‘शुभंकर’ हा प्रतिशब्द १९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या ‘अप्पू’ हत्तीमुळे बहुतेकांच्या कानांवरून गेलेला आहे. त्याआधीही एअर इंडियाचा १९४६ मधील महाराजा आणि अमूलची १९६६ मधील ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी हे शुभंकरच होते. शुभंकराचे कार्य काय असते? संस्थेला चेहरा नसतो. तिला भांडवल असते, कार्यालय असते, नियमावली असते. पण तिला हसता येत नाही आणि लहान मुलाच्या गळ्यात हात टाकता येत नाही. ते काम शुभंकर करतो. मोठा माणूस संस्थेवर विश्वास ठेवताना तिचा लौकिक, तिचे दर आणि तिची कागदपत्रे पाहतो. मूल मात्र फक्त तो चेहरा पाहते आणि त्या चेहऱ्यावर विश्वास टाकते. म्हणजे शुभंकर हा संस्थेने मुलाला दिलेला एक अलिखित शब्द असतो: येथे ये, येथे तुला कोणी इजा करणार नाही. ‘मॅस्कॉट हॉरर’चा सारा विचार या दिलेल्या शब्दापासून सुरू करावा लागतो. तसा तो सहसा केला जात नाही, आणि व्याख्येचा घोटाळा होतो तो तेथेच.

प्रचलित व्याख्या अशी आहे की, गोंडस दिसणारे पात्र भयंकर झाले म्हणजे ‘मॅस्कॉट हॉरर’ होतो. आपल्या तर्कशास्त्राने व्याख्येचे जे दोष सांगितले आहेत त्यांपैकी अतिव्याप्ती आणि अव्याप्ती हे दोन्ही या एका वाक्यात सापडतात. प्रथम अतिव्याप्ती पाहावी. गोंडस बाहुल्याने सुरा उचलणे एवढेच लक्षण मानले, तर १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकन चित्रपटातला चकी या प्रकारात येईल आणि १९९३ च्या ‘झपाटलेला’ या मराठी चित्रपटातला तात्या विंचूही येईल. महाराष्ट्रातील एका अख्ख्या पिढीची झोप तात्या विंचूने उडवली, हे खरे. परंतु तो एका गुन्हेगाराचा आत्मा शिरलेला बोलका बाहुला आहे. त्याच्यामागे मुलांना बोलावणारे कोणतेही कारखाने नाहीत, उपाहारगृहे नाहीत, जाहिराती नाहीत. त्याने कोणाचा विश्वासघात केलेला नाही, कारण कोणत्याही संस्थेच्या वतीने त्याने विश्वास मागितलेलाच नाही. ‘सायलेंट हिल ३’ या २००३ च्या खेळात करमणूक उद्यानातला रक्ताने माखलेला ससा दिसतो. तो त्या उद्यानाचा शुभंकर आहे आणि भयावहही आहे; पण त्या खेळाचे भय त्याच्यावर उभे नाही. तो वाटेतले एक दृश्य आहे, खेळाचा विषय नव्हे.

अव्याप्तीचा दोषही तितकाच ठळक आहे. २०१८ मध्ये आलेला ‘बाल्डीज बेसिक्स’ हा खेळ वरकरणी नव्वदीच्या दशकातील शैक्षणिक संगणक-कार्यक्रमांचे विडंबन आहे. त्यातला बाल्डी हा गणिताचा शिक्षक. पहिली काही गणिते सोपी असतात. नंतरचे एक गणित मुद्दामच वाचता न येणारे दिलेले असते, त्यामुळे त्याचे बरोबर उत्तर देणे शक्यच नसते. उत्तर चुकले की पट्टी आपटत गुरुजी मागे लागतात. बाल्डीला कोणीही गोंडस म्हणणार नाही. त्याचे रेखाटन जाणूनबुजून ओबडधोबड ठेवलेले आहे. तरीही जाणकार या खेळाला ‘मॅस्कॉट हॉरर’च्या पंक्तीत बसवतात, आणि ते योग्यच करतात. कारण बाल्डी हा ‘शिकणे म्हणजे गंमत’ असे मुलांना सांगणाऱ्या एका उद्योगाचा हसरा चेहरा आहे. त्या हसण्यामागे दंडुका आहे, हे कळणे म्हणजेच त्या खेळातले भय. तेव्हा गोंडसपणा हे या प्रकाराचे लक्षण नाही. ते फार तर त्याचे नेहमीचे वस्त्र आहे.

आणखी एक अडचण आहे, आणि ती या संज्ञेच्या घडणीतच आहे. खेळांचे प्रकार साधारणपणे खेळणारा काय करतो यावरून ओळखले जातात. गोळीबाराचे खेळ, शर्यतीचे खेळ, कोड्यांचे खेळ ही नावे क्रियेवरून पडली. १९९६ च्या ‘रेसिडेंट इव्हिल’ने रूढ केलेली ‘सर्व्हायव्हल हॉरर’ ही संज्ञाही क्रियाच सांगते: जीव वाचवून टिकून राहणे. ‘मॅस्कॉट हॉरर’ हे नाव मात्र खेळणारा काय करतो ते सांगत नाही; त्याच्यामागे कोण लागले आहे ते सांगते. त्यामुळे एका खेळात माणूस खुर्चीवर बसून कॅमेऱ्यांवर लक्ष ठेवतो, दुसऱ्यात कुऱ्हाड घेऊन फिरतो, तिसऱ्यात यांत्रिक हातांनी कोडी सोडवतो, आणि तरीही तिन्हींना एकच नाव मिळते. हा खेळाचा प्रकार नसून फक्त कथेचा प्रकार आहे, असा आक्षेप त्यामुळे घेतला जातो. या आक्षेपाला उत्तर द्यायचे, तर या प्रकाराच्या जन्माकडे वळले पाहिजे.

तो इतिहास मोठा उद्बोधक आहे. अटारी या व्हिडिओ गेम कंपनीच्या संस्थापकांपैकी एक नोलन बुशनेल यांनी १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे ‘चक ई. चीझ’ या नावाने एक पिझ्झागृह उघडले. पिझ्झा भाजला जाईपर्यंत कुटुंबाने थांबायचे, मुलांनी नाणी टाकून व्हिडिओ गेम खेळायचे आणि रंगमंचावर यंत्राने हलणाऱ्या प्राण्यांच्या पुतळ्यांनी गाणी म्हणायची, अशी ती योजना होती. उंदराच्या रूपातला चक हा तिचा शुभंकर. १९८० मध्ये ‘शोबिझ पिझ्झा प्लेस’ ही प्रतिस्पर्धी साखळी तशाच यांत्रिक वाद्यवृंदासह उभी राहिली. १९८४ मध्ये मूळ कंपनीने दिवाळे जाहीर केल्यावर दोन्ही एकाच छत्राखाली आल्या. अमेरिकेतील एका पिढीचे वाढदिवस या पुतळ्यांसमोर साजरे झाले. डोळ्यांची कृत्रिम उघडझाप, तोंड आणि गाणे यांचा न जुळणारा मेळ, कातड्याखालून येणारा मोटरीचा आवाज, हे सारे त्या मुलांच्या आठवणीत राहिले. काहींना त्याची गंमत वाटली, काहींना धास्ती. या इतिहासातील उपरोध असा की, हे शुभंकर मुलांना व्हिडिओ गेमकडे ओढण्यासाठीच निर्माण झाले होते. पुढे सदतीस वर्षांनी त्याच व्हिडिओ गेमने त्यांच्यासारख्या पुतळ्यांना भयाचा विषय केले.

तो खेळ म्हणजे ऑगस्ट २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज’. स्कॉट कॉथन या अमेरिकन निर्मात्याने तो जवळजवळ एकहाती घडवला. त्याच्या आधीच्या एका निरुपद्रवी कौटुंबिक खेळातील पात्रे यंत्रपुतळ्यांसारखी भीतिदायक दिसतात, अशी टीका झाली होती. तो दोषच त्याने या खेळात गुण म्हणून वापरला. खेळणारा हा ‘फ्रेडी फॅझबेअर’ नावाच्या पिझ्झागृहातला रात्रपाळीचा पहारेकरी असतो. मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत त्याने आपल्या खोलीत बसून राहायचे. रात्री अस्वल, ससा, कोंबडी आणि कोल्हा यांचे पुतळे आपोआप हिंडू लागतात. कॅमेऱ्यांतून त्यांच्यावर नजर ठेवायची आणि ते जवळ आले की दार लावायचे, एवढेच त्याच्या हाती असते. पण कॅमेरा, दिवा आणि दार या तिन्हींना वीज लागते, आणि कंपनीने रात्रीपुरती वीज मोजून दिलेली असते. ती संपली की दारे उघडतात. त्याच्याजवळ शस्त्र नाही आणि त्याला पळताही येत नाही.

येथपर्यंतचे वर्णन सर्वत्र केले जाते. त्या खेळातील कागदपत्रांकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही, आणि या प्रकाराची व्याख्या जणू त्या कागदपत्रांतच लिहून ठेवलेली आहे. पहिल्या रात्री दूरध्वनीवर पूर्वीच्या पहारेकऱ्याचा आवाज नव्या माणसाला कंपनीचे निवेदन वाचून दाखवतो. कर्मचाऱ्याला इजा झाल्यास वा मृत्यू आल्यास कंपनी जबाबदार नाही. तसे काही आढळल्यास नव्वद दिवसांच्या आत, किंवा जागा धुऊन-पुसून गालिचे बदलून झाल्यावर, माणूस बेपत्ता असल्याची नोंद केली जाईल, असा त्या निवेदनाचा आशय आहे. पाच रात्री जिवंत राहिल्याचे बक्षीस काय? एकशेवीस डॉलरांचा धनादेश. आणि भिंतीवर क्वचित उमटणाऱ्या वृत्तपत्रीय मजकुरातून कळते की, या उपाहारगृहातून पाच मुले नाहीशी झाली आहेत आणि त्यांचा विश्वास संपादन करण्यासाठी संशयिताने कंपनीच्या शुभंकराचा वेश केला होता, असा पोलिसांचा तर्क आहे. या एका तपशिलात साऱ्या प्रकाराचे मर्म आहे. मुलांना मृत्यूकडे नेले ते अक्राळविक्राळ राक्षसाने नव्हे, तर ज्याच्याकडे धावत जावे असे त्यांना शिकवले गेले होते त्या चेहऱ्याने. आणि हे घडल्यावरही उपाहारगृह चालू ठेवणारी, गालिचे बदलणारी आणि पहारेकऱ्याला तुटपुंजा पगार देणारी एक व्यवस्था त्या चेहऱ्यामागे आहे. ज्यांनी कार्यालयांतील परिपत्रकांची भाषा आयुष्यभर वाचली आहे, त्यांना या निवेदनातील थंडपणा यंत्रपुतळ्याच्या दातांहून अधिक भयावह वाटल्यास नवल नाही.

या आधारावर व्याख्या अशी करता येईल. ज्या भयखेळात मुलांचा विश्वास मिळवण्यासाठी एखाद्या संस्थेने घडवलेली प्रतिमा हेच भयाचे मुख्य आलंबन असते, त्या संस्थेच्या निर्मनुष्य वास्तूत अधिकारहीन अवस्थेत वावरणे हे खेळणाऱ्याचे काम असते, आणि त्या विश्वासाचा संस्थेकडून झालेला घात हळूहळू उघड होणे हा ज्याचा आशय असतो, तो ‘मॅस्कॉट हॉरर’. रसशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर शुभंकर हा येथे आलंबन विभाव, ओसाड वास्तू हा उद्दीपन विभाव. पण या भयाची जात ठरते ती मोडलेल्या वचनामुळे. क्रियेविषयीच्या आक्षेपालाही येथे उत्तर मिळते. या खेळांत माणूस बसतो, चालतो की कोडी सोडवतो हे गौण आहे. सर्वत्र समान असलेली क्रिया अशी की, तो कर्मचारी, माजी कर्मचारी, विद्यार्थी वा पालक म्हणून येतो, संस्थेचीच साधने वापरून जीव वाचवतो आणि संस्थेने मागे ठेवलेल्या ध्वनिफिती, चित्रफिती व कागद यांतून तिचे अपराध वाचतो. हा तपास खेळणाऱ्याने स्वतः केल्यावाचून पुरा होत नाही, म्हणूनच हा खेळाचा प्रकार आहे, नुसत्या कथेचा नव्हे.

ही व्याख्या दोन प्रमुख उदाहरणांवर तपासून पाहण्यासारखी आहे. २०१७ मध्ये ज्याचे भाग प्रसिद्ध होऊ लागले त्या ‘बेंडी अँड द इंक मशीन’ या कॅनडातील निर्मात्यांच्या खेळात हेन्री नावाचा वृद्ध चित्रकार तीस वर्षांनी आपल्या जुन्या व्यंगचित्रपट-निर्मितीगृहात परत येतो. १९३० च्या सुमाराच्या काळ्या-पांढऱ्या चित्रपटांच्या धर्तीवर काढलेला बेंडी हा त्या संस्थेचा शुभंकर. मालकाला आपली पात्रे जिवंत करून हवी होती. त्यासाठी बसवलेल्या शाईच्या यंत्राने पात्रे आणि कर्मचारी दोघांचीही विटंबना केली. खोल्याखोल्यांत पडलेल्या ध्वनिफितींतून गायक, झाडूवाले, संगीतकार बोलतात. अखेरपर्यंत भीती वाटते ती बेंडीची. पण राग येतो तो मालकाचा. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या ‘पॉपी प्लेटाइम’मध्ये एक माजी कर्मचारी बंद पडलेल्या खेळण्यांच्या कारखान्यात दहा वर्षांनी शिरतो. लांब हातांचा, निळ्या केसांचा हगी वगी हा त्या कारखान्याचा शुभंकर. मिठी मारणे हा त्याचा गुण म्हणून सांगितलेला, आणि मिठी हेच त्याचे हत्यार. पुढील भागांत उघड होते की, कंपनीने आपल्याच आश्रयाखालील अनाथ मुलांवर प्रयोग करून ही जिवंत खेळणी बनवली. म्हणजे येथे राक्षस हा स्वतःच बळी आहे. पहिल्या दर्जाच्या ‘मॅस्कॉट हॉरर’ची ही खूणच म्हणावी लागेल: शुभंकराची भीती वाटता वाटता त्याची कीव येऊ लागते, आणि दोषाचे बोट त्याच्यावरून सरकून संस्थेकडे वळते.

कोणतीही व्याख्या काही उदाहरणे बाहेर ठेवत नसेल, तर तिचा उपयोग नाही. डिसेंबर २०२२ मध्ये आलेला ‘चू-चू चार्ल्स’ हा कोळ्याच्या पायांच्या आगगाडीचा खेळ पुष्कळदा याच रांगेत उभा केला जातो. त्या आगगाडीचा चेहरा खेळण्यासारखा असला, तरी ती मुलांसाठी कोणी घडवलेली प्रतिमा नव्हे. सबब तो निव्वळ राक्षसाच्या शिकारीचा खेळ ठरतो. याउलट २०१६ च्या ‘टॅटलटेल’मध्ये ओसाड कारखाना नाही, सारे घरातच, नाताळच्या आधीच्या रात्रींत घडते. पण कंपनीने बाजारातून परत मागवलेले बोलके खेळणे तेथे घरात शिरलेले आहे. वास्तू नसूनही तो या प्रकाराच्या अगदी जवळ बसतो, कारण वचनभंगाचे लक्षण त्यात शाबूत आहे. कोणते लक्षण गाभ्याचे आणि कोणते परिघावरचे, हे अशा सीमेवरच्या उदाहरणांतूनच स्पष्ट होते.

मानसशास्त्राने या भयाची काही उकल फार पूर्वी करून ठेवली आहे. सिग्मंड फ्रॉइडने १९१९ च्या निबंधात, परिचित गोष्टच अकस्मात परकी भासल्याने निर्माण होणाऱ्या धास्तीचा विचार केला. जपानी यंत्रमानवशास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये असे मांडले की, कृत्रिम आकृती माणसासारखी होत जाते तशी तिच्याविषयीची आपुलकी वाढते. पण ती जवळजवळ माणसासारखी, तरीही पूर्णपणे नाही, अशा टप्प्याला आली की आपुलकी एकदम ओसरून किळस वाटू लागते. यंत्रपुतळा का भिववतो, हे यातून कळते. परंतु हे स्पष्टीकरण मेणाच्या पुतळ्यालाही लागू पडते आणि प्रेतालाही. भय कसे निर्माण होते हे सांगणे वेगळे, आणि एका विशिष्ट कलाप्रकाराची ओळख सांगणे वेगळे. मेणाचा पुतळा मुलाला ‘ये’ म्हणत नाही. शुभंकर म्हणतो.

या व्याख्येविरुद्धचा खरा आक्षेप शास्त्राचा नसून व्यवहाराचा आहे. काही समीक्षक म्हणतात की, या प्रकाराला आशय वगैरे काही नाही. ज्या भयखेळाबरोबर कापडी खेळणे विकता येते तो ‘मॅस्कॉट हॉरर’. हा टोमणा अगदीच निराधार नाही. ‘फ्रेडी’च्या यशाचा मोठा वाटा यूट्यूबवर खेळ खेळून दाखवणाऱ्यांच्या किंकाळ्यांचा होता, असंख्य मुलांनी तो खेळ खेळला नाही, फक्त पाहिला. त्यातील त्रोटक दुव्यांवरून कथेचा उलगडा करणाऱ्या चित्रफितींचा दुसरा उद्योग उभा राहिला. नंतर आलेल्यांनी हे गणित ओळखले: दुरूनही ओळखू येईल असे एका रंगाचे पात्र, अर्धवट सांगितलेली कथा, पहिला भाग फुकट वा स्वस्त, आणि खेळाच्या बरोबरीने दुकानात खेळणी. जानेवारी २०२३ मध्ये ‘गार्टन ऑफ बॅनबॅन’ हा बालवाडीत घडणारा खेळ आला, तेव्हा त्याच्यावर टीका झाली ती याच कारणाने. तेथे पालक हरवलेले मूल शोधण्यास बालवाडीत उतरतो, म्हणजे सांगाडा सारा आहे. पण वचनभंगाची वेदना उभी राहण्याआधीच नव्या रंगाचे नवे पात्र समोर येते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ‘फ्रेडी’वरील चित्रपट आला; सुमारे दोन कोटी डॉलर खर्चून काढलेल्या त्या चित्रपटाने जगभरात तीस कोटी डॉलरांच्या आसपास गल्ला जमवला. बाजाराला याहून स्पष्ट संदेश कोणता हवा?

तरीही व्यापाराच्या सवयीलाच कलाप्रकाराचे लक्षण मानणे चुकीचे आहे. वृत्तपत्रांतून क्रमशः छापल्या गेलेल्या कादंबऱ्यांचे भाग उत्कंठेच्या जागी तोडले जात. म्हणून कादंबरी म्हणजे खप वाढवण्याची युक्ती, अशी व्याख्या कोणी केली नाही. मात्र येथे एक फरक आहे आणि तो दृष्टिआड करता येणार नाही. कादंबरी वृत्तपत्राच्या खपावर टीका करीत नव्हती. ‘मॅस्कॉट हॉरर’ मात्र मुलांच्या विश्वासाचा व्यापार करणाऱ्या संस्थेवर आरोप ठेवतो, आणि तो आरोप गोंडस चेहऱ्याच्या खेळण्याच्या रूपाने मुलांनाच विकतो. हगी वगीच्या मिठीत मृत्यू आहे असे सांगणाऱ्या खेळाचा हगी वगी दुकानात मिठी मारण्यासाठी मांडला जातो. ज्या संस्थेविरुद्ध हा प्रकार साक्ष देण्यास उभा राहिला, तिच्याच गादीवर तो जाऊन बसला आहे. हा विरोधाभास दाखवण्यासाठीसुद्धा आधी व्याख्या हवी. खेळणे विकणे हेच त्याचे लक्षण मानले, तर त्यात विसंगती उरत नाही. वचनभंगाची साक्ष हे लक्षण मानले, तरच त्याने स्वतःचे वचन मोडले असे म्हणता येते.

व्याख्येच्या अभावी काय होते याचा पुरावा २०२२ मध्ये मिळाला. त्या वर्षी ब्रिटन व अमेरिकेतील काही शाळांनी आणि पोलिसांनी हगी वगीविषयी पालकांना सावध करणारी पत्रके काढली. लहान मुले घाबरत होती, मैदानावर भयंकर खेळ खेळत होती, ही चिंता खरी होती. परंतु खेळात नसलेल्या गोष्टीही खेळाच्या माथी मारल्या गेल्या. चाहत्यांनी रचलेली गाणी आणि चित्रफिती यांना मूळ खेळ समजले गेले. मोठ्यांना एवढेच दिसत होते की, एक निळे खेळणे आहे आणि मूल रडते आहे. दुसरीकडे, तेच खेळणे निरागस अस्वल समजून विकत घेणारे पालकही होते. अज्ञानातून बंदीही निघते आणि खरेदीही निघते. दोन्हींत मुलाशी बोलणे तेवढे राहून जाते. बारा-चौदा वर्षांच्या मुलाला या खेळात संस्थेच्या हसऱ्या चेहऱ्यामागे पाहण्याची सवय लागू शकते, आणि जाहिरातींनी वेढलेल्या आयुष्यात ती सवय मौल्यवान आहे. पाच वर्षांच्या मुलाला मात्र त्यातला आरोप कळत नाही. त्याच्यापर्यंत फक्त दात पोहोचतात. कारण वचन मोडल्याचे दुःख समजण्यासाठी आधी वचनावर विसंबून जगण्याची काही वर्षे वाट्याला यावी लागतात. एकच खेळ एका वयाला शहाणे करतो आणि दुसऱ्या वयाला केवळ जखम करतो, हे ज्या शिक्षकाला उमगेल त्याला सरसकट पत्रक काढण्याची गरज भासणार नाही.

हा प्रकार बाजाराच्या पलीकडे जाऊ शकतो, याची साक्षही उपलब्ध आहे. जुलै २०२३ मध्ये आलेल्या ‘माय फ्रेंडली नेबरहुड’मध्ये, बंद पडलेल्या मुलांच्या दूरचित्रवाणी-कार्यक्रमाचे प्रक्षेपण अचानक सुरू होते आणि ते थांबवण्यासाठी एक दुरुस्ती-कामगार त्या ओसाड चित्रीकरणगृहात पाठवला जातो. तेथील हातबाहुल्या बडबडत त्याच्या अंगावर धावून येतात. पण त्या दुष्ट नाहीत. ज्यांना कधीकाळी मुलांशी गोड बोलण्यासाठी घडवले आणि मग सोडून दिले, अशी ती मंडळी आहेत. येथे संस्थेचा अपराध खून हा नसून विस्मरण आहे. रक्ताचा थेंब न सांडताही मोडलेले वचन भयावह होऊ शकते, हे या खेळाने दाखवले, आणि दिलेला शब्द पुन्हा पाळता येतो, अशी शक्यताही त्याने शिल्लक ठेवली.

ज्या मूळ साखळीच्या यंत्रपुतळ्यांपासून ही कथा सुरू झाली, तिने अलीकडे आपल्या बहुसंख्य शाखांतून ते यांत्रिक वाद्यवृंद काढून टाकले आहेत. त्यांच्याभोवती वाढदिवस साजरे केलेली मुले आज पालक आहेत. त्यांच्या मुलांनी ते पुतळे पाहिलेले नाहीत. त्यांची भीती मात्र त्यांना ठाऊक आहे. शुभंकर जातात, त्यांनी दिलेले शब्द मागे राहतात, आणि ते पाळले गेले की मोडले गेले, याचा हिशेब पुढची पिढी मागते. ‘मॅस्कॉट हॉरर’ हा त्या हिशेबाचा खेळ आहे. जो खेळ हा हिशेब मांडतो तोच या नावाला पात्र. जो फक्त मुखवटा रंगवून दुकानात ठेवतो, त्याला हे नाव देण्याचे कारण नाही. त्याच्यासाठी ‘खेळणे’ हा जुना शब्द पुरेसा आहे.